ध्रुवांवरचे ठिपके: संशोधनाचे ऑनलाइन नकाशे कसे वाचायचे?

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "या विषयात रिसर्च गॅप कुठे आहे?" ध्रुवीय पर्यावरणावर काम करू इच्छिणाऱ्यांना याचं उत्तर शोधायला आता एक सोपी वाटणारी जागा मिळाली आहे. आर्क्टिकमध्ये किंवा अंटार्क्टिकात कोण, कुठे, कशावर काम करतंय हे दाखवणारे ऑनलाइन नकाशे. नकाशा उघडायचा, ठिपके बघायचे, जिथे ठिपका नाही तिथे बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "ही बघा गॅप." काही सायनॉप्सिसमध्ये तर असा स्क्रीनशॉटच पुरावा म्हणून चिकटवलेला दिसतो.

हे नकाशे उपयोगाचे आहेत, याबद्दल वाद नाही. पण ते पुरावा म्हणून वापरायचे असतील, तर एखादा शोधनिबंध आपण जसा उलटसुलट तपासतो तसेच तपासायला हवेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: असा नकाशा किती भरवशाचा आहे हे त्याच्या तंत्रज्ञानावरून कळत नाही. त्यात माहिती कोण भरतं, कधी भरतं आणि नाही भरली तर कोणाचं काय अडतं, या तीन प्रश्नांवरून कळतं. हेच तीन प्रश्न घेऊन आज तीन नकाशे तपासू या.

मुळात नकाशा लागतोच कशाला?

कामाचा समन्वय ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. १ डिसेंबर १९५९ रोजी अंटार्क्टिक करारावर सह्या झाल्या. त्याच्या तिसऱ्या कलमातच म्हटलंय की देशांनी आपल्या वैज्ञानिक कार्यक्रमांचे आराखडे एकमेकांना कळवावेत, म्हणजे काटकसर होईल आणि काम नीट होईल. आज ही माहिती ब्यूनस आयर्सच्या करार सचिवालयाकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते. तो नकाशा नाही, ते फॉर्म आहेत. पण "आपण काय करणार आहोत ते आधी सांगा" ही अट तिथूनच आली.

काटकसरीचं कारण उघड आहे. ध्रुवावर जहाजाचा एक दिवस किंवा हेलिकॉप्टरचा एक तास प्रचंड महाग पडतो. पण पर्यावरण-संशोधनात आणखी एक कारण असतं, ते विद्यार्थ्यांच्या लक्षात पटकन येत नाही. एकाच्या कामामुळे दुसऱ्याची मोजमापं बिघडू शकतात.

स्वालबार्डमधलं न्यू ऑलेसुंद हे याचं उत्तम उदाहरण. ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावरची ही छोटीशी वस्ती. दहाच्या आसपास देशांच्या संस्था तिथे काम करतात. भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून तिथेच आहे आणि जवळच्या कोंग्सफ्योर्डनमध्ये २०१४ साली भारताने 'इंडआर्क' ही निरीक्षण-यंत्रणा सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात बसवली. गावामागच्या झेपेलिन डोंगरावर, सुमारे ४७५ मीटर उंचीवर, स्वच्छ हवेतले सूक्ष्म बदल टिपणारी वेधशाळा आहे. आता विचार करा. कोणी बर्फातल्या काजळीचे नमुने घेतंय आणि त्याच वाटेने दुसऱ्या गटाची स्नो-स्कूटर धूर सोडत गेली, तर त्या नमुन्यात नेमकं काय मोजलं जाईल? शिवाय तिथे २ ते ३२ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात रेडिओ-शांतता पाळली जाते, कारण दूरच्या क्वेसारांचे क्षीण संकेत ऐकणारे भूमापनाचे अँटेना तिथे आहेत. वाय-फाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात येतात. म्हणजे वायरलेस सेन्सर घेऊन निघालात, तर प्रयोगाची आखणीच बदलावी लागेल.

अशा ठिकाणी "कोण कुठे आहे" हे माहीत असणं ही विज्ञानाची गरजच आहे. आता नकाशांकडे येऊ.

पहिला नकाशा: आर्मॅप

आर्मॅप म्हणजे 'आर्क्टिक रिसर्च मॅपिंग अॅप्लिकेशन'. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशातून हा उभा राहिला. अमेरिकन सरकारी संस्थांनी निधी दिलेले आर्क्टिकमधले प्रकल्प तो नकाशावर दाखवतो. प्रकल्प कशाबद्दल आहे, कुठे आहे, कोणत्या वर्षांत चालला, प्रमुख संशोधक कोण, पैसा कोणाचा, एवढं कळतं. नवख्या माणसासाठी हा खजिना आहे. अलास्कातल्या पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीवर, कोणकोणत्या गटांनी काम केलंय याची यादी करायला एरवी आठवडे लागतील.

आता तीन प्रश्न विचारू. माहिती कोण भरतं? ती मुख्यतः निधी देणाऱ्या आणि प्रवासाची व्यवस्था बघणाऱ्या यंत्रणांच्या नोंदींतून येते. म्हणून ती शिस्तशीर आहे. पण म्हणूनच ती एका देशाच्या पैशापुरती मर्यादित आहे. हिमाद्रीवरचा भारतीय प्रकल्प तिथे शोधून सापडणार नाही, तो या नकाशाचा विषयच नाही. तेव्हा आर्मॅपवरची रिकामी जागा "इथे काम झालेलं नाही" असं सांगत नाही. "इथे या यंत्रणांनी पैसे दिल्याची नोंद नाही" एवढंच सांगते. दोन्ही वाक्यांत केवढा फरक आहे, बघा.

दुसरी अडचण ठिपक्याच्या अर्थाची. प्रकल्प ही कागदावरची गोष्ट आहे. त्यात चार ठिकाणचे नमुने असतील, बोटीचा लांबलचक मार्ग असेल किंवा फक्त उपग्रहाची चित्रं असतील. त्याला एका बिंदूत बसवणं म्हणजे थोडी ओढाताण होणारच. बहुधा हे जाणवल्यामुळेच याच मंडळींच्या कामातून 'आर्क्टिक ऑब्झर्विंग व्ह्यूअर' हा वेगळा नकाशा निघाला. त्यात ठिपका प्रकल्पाचा नसून निरीक्षणाच्या जागेचा असतो, म्हणजे बोअरहोल, हवामान केंद्र, समुद्रातला तरंगक वगैरे. माझ्या मते या सगळ्या धडपडीतला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. प्रकल्प संपतो, पण मोजमापाची जागा आणि तिथली आकड्यांची मालिका उरते. पुढच्या संशोधकाला खरी गरज तिचीच असते.

माझं मत: झालेलं काम शोधायला आर्मॅप उत्तम. पुढच्या वर्षीचा समन्वय त्याच्या भरवशावर करू नये.

दुसरा नकाशा: रिसर्च इन स्वालबार्ड

याला सगळे 'रिस' म्हणतात. नॉर्वेच्या संशोधन परिषदेच्या छत्राखालचा 'स्वालबार्ड सायन्स फोरम' यामागे आहे. स्वालबार्डमध्ये संशोधन करायचं तर प्रकल्पाची इथे नोंद करायची आणि त्याला एक रिस क्रमांक मिळतो. दिसायला हा नकाशा अगदी साधा आहे. पण माझ्या तीन प्रश्नांवर तो तिघांत सरस ठरतो.

याचं कारण एकच: इथे नोंद केली नाही तर काम अडतं. स्वालबार्डच्या जमिनीचा सुमारे ६५ टक्के भाग संरक्षित आहे. तिथे क्षेत्रकार्य करायला सिसेलमेस्टर या तिथल्या शासकाची परवानगी लागते आणि तो अर्ज रिसमधूनच जातो. न्यू ऑलेसुंदला काम करायचं तरी प्रकल्प रिसमध्ये असावा लागतो. म्हणजे माहिती भरणारा स्वतः संशोधक आहे, तो निघण्याच्या आधी भरतो आणि नाही भरली तर त्याचंच अडतं. तिन्ही उत्तरं बरोबर. आपल्याकडे ज्या फॉर्मशिवाय फेलोशिप अडते तो फॉर्म सगळे वेळेत भरतात, आणि "माहितीसाठी सादर करावा" असं लिहिलेला फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून राहतो. तसंच हे.

तरीही रिसवर डोळे झाकून विसंबू नये. नोंद हा इरादा असतो, निष्पत्ती नव्हे. करोनाच्या काळात, २०२० च्या उन्हाळ्यात, जगभरच्या अनेक ध्रुवीय मोहिमा रद्द झाल्या किंवा आखडल्या. प्रकल्पाची नोंद असणं आणि त्या वर्षी नमुने गोळा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीवरून पुढे विदा कुठे ठेवली, निबंध निघाला का, हे दरवेळी तपासावं लागतं. दुसरं म्हणजे परवानगीचा अर्ज भरताना माणूस थोडी जास्तच जागा मागून ठेवतो, ऐनवेळी हवामान बिघडलं तर पर्याय हवा म्हणून. ते समजण्यासारखं आहे. पण नकाशावर ते जास्त काम झाल्यासारखं दिसतं.

माझं मत: तंत्र साधं, माहिती भक्कम. पण ही व्यवस्था एका शासनाच्या अखत्यारीत आहे म्हणूनच चालते. अंटार्क्टिकात असा एकच शासक नाही, त्यामुळे रिस जसाच्या तसा उचलून तिकडे नेता येत नाही.

तिसरा नकाशा: ड्यूसाउथ

दक्षिण महासागरासाठी 'सदर्न ओशन ऑब्झर्विंग सिस्टिम' ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था २०११ साली सुरू झाली. तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला. तिने दोन गोष्टी केल्या. एक 'सूसमॅप', ज्यावर झालेल्या निरीक्षणांची विदा मिळते. दुसरी 'ड्यूसाउथ', ज्यात दक्षिण महासागरात होऊ घातलेल्या सफरींची माहिती एकत्र करायची.

या तीन नकाशांत फक्त ड्यूसाउथ आपली नजर थेट भविष्याकडे ठेवतो. तुमचं जहाज पुढच्या जानेवारीत अमुक रेखांशावरून जाणार असेल, तर आमचा एक तरंगक तिथे सोडाल का? आमच्या नांगरलेल्या यंत्रावरून जाताना एक मोजमाप घ्याल का? समन्वय म्हणतात तो हाच. भारताच्या दक्षिण महासागर मोहिमा २००४ पासून होत आल्या आहेत. इतक्या मोठ्या समुद्रात जाणारं प्रत्येक जहाज हे सगळ्यांसाठीच मोलाचं असतं.

पण तिसऱ्या प्रश्नाशी गाडी अडते. इथे माहिती भरणं ऐच्छिक आहे. नाही भरली तर जहाज बंदरात थांबत नाही. फायदा होतो तो दुसऱ्या कोणाचा तरी आणि तोही भरणाऱ्याला न दिसणारा. अशा ठिकाणी चांगल्या कल्पनाही अर्ध्या भरलेल्या राहतात.

आणि भरली तरी ती टिकते किती? डिसेंबर २०१३ मध्ये 'अकादेमिक शोकाल्स्की' हे रशियन जहाज पूर्व अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकलं. मदतीला गेलेल्या चीनच्या 'श्वे लोंग'च्या हेलिकॉप्टरने २ जानेवारी २०१४ रोजी ५२ जणांना ऑस्ट्रेलियाच्या 'ऑरोरा ऑस्ट्रालिस'वर पोचवलं. त्यानंतर 'श्वे लोंग' स्वतःच काही दिवस बर्फात अडकून पडलं. 'ऑरोरा ऑस्ट्रालिस' तर केसी केंद्राला रसद पोचवण्याचं काम अर्धवट सोडून आलं होतं. एका जहाजाच्या अडकण्याने अनेक देशांच्या मोसमाचं वेळापत्रक कोलमडलं. नकाशावरची ऑक्टोबरातली रेघ जानेवारीत कशी निरर्थक होते, याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. म्हणून आराखड्याच्या नकाशावर "शेवटचा बदल कधी केला" ही तारीख ठळक दिसायला हवी. बऱ्याच नकाशांवर ती शोधावी लागते.

माझं मत: प्रश्न सर्वांत योग्य, उत्तरं मिळवण्याची सोय सर्वांत कच्ची.

नकाशाचा कागदच वाकडा असेल तर?

आता एक तांत्रिक मुद्दा, कारण इथे बरेच जण फसतात. रोजच्या वापरातले बहुतेक वेब-नकाशे मर्केटर प्रक्षेपावर चालतात. त्यात अंतर १ भागिले अक्षांशाच्या कोसाइनइतकं ताणलं जातं. मुंबईच्या १९ अंशांवर हा ताण १.०६ पट, म्हणजे नगण्य. न्यू ऑलेसुंदला तो सुमारे ५.२ पट होतो आणि क्षेत्रफळ साधारण २७ पट फुगतं. त्यामुळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे दोन ठिपके ऐसपैस दूर दिसतात, आणि "इथे किती मोकळी जागा आहे" असं वाटतं. शिवाय हा नकाशा सुमारे ८५ अंशांवर कापलेला असतो. दक्षिण ध्रुवावरचं अमुंडसेन-स्कॉट केंद्र त्यावर येऊच शकत नाही.

म्हणून अंतर मोजायचं असेल तर ध्रुवकेंद्री प्रक्षेप वापरा. अंटार्क्टिकासाठी नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटचं 'क्वांटार्क्टिका' हे मोफत पॅकेज आहे. ते क्यूजीआयएसमध्ये चालतं, इंटरनेट नसतानाही चालतं आणि प्रक्षेप योग्य असतो. घरच्या लॅपटॉपवर शिकायला याहून चांगली सुरुवात नाही.

गर्दी आणि रिकामपण

ठिपके खरे असले तरी त्यांची वाटणी वाकडी असू शकते. 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये २०१८ साली आलेल्या एका अभ्यासाने आर्क्टिकमधल्या क्षेत्र-अभ्यासांना मिळालेले संदर्भ-उल्लेख तपासले. त्यातले सुमारे ३१ टक्के दोनच ठिकाणांच्या ५० किलोमीटर परिसरातल्या कामाला मिळाले होते: अलास्कातलं टूलिक सरोवर आणि स्वीडनमधलं अबिस्को. म्हणजे "आर्क्टिक असं वागतो" असं आपण लिहितो, तेव्हा त्यातला मोठा भाग या दोन जागांच्या वागण्याचा असतो.

हे होणं साहजिक आहे. जिथे स्टेशन, वीज, रस्ता आणि जुनी विदा आहे, तिथेच नवा माणूस जातो. नकाशा ही ओढ आणखी वाढवतो, कारण गर्दीची जागा सुरक्षित वाटते.

२०२२ नंतर यात राजकारणाची भर पडली. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर आर्क्टिक कौन्सिलच्या इतर ७ सदस्य देशांनी रशियाबरोबरचं काम थांबवलं आणि रशियातली केंद्रं आंतरराष्ट्रीय जाळ्यांतून बाजूला पडली. आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग रशियाचा आहे. २०२४ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मधल्या एका अभ्यासाने दाखवलं की ही केंद्रं वगळली की उरलेली केंद्रं आर्क्टिकचं प्रतिनिधित्व आणखी कमी करतात. आता हा भाग नकाशावर रिकामा दिसला, तर ती गॅप आहे का? वैज्ञानिक अर्थाने आहे. पण तुमच्या प्रपोजलमध्ये ती भरून निघणार नाही.

काही जागा तर मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात. अंटार्क्टिकातल्या विशेष संरक्षित क्षेत्रांत परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. शिरमाकर ओअॅसिसजवळच्या दक्षिण गंगोत्री हिमनदीचा भाग भारताच्या प्रस्तावावरून २००५ साली असं क्षेत्र क्रमांक १६३ झाला. हिमनदीच्या तोंडाशी कित्येक वर्षं चाललेली निरीक्षणं बिघडू नयेत, हा त्यामागचा विचार. तिथे ठिपक्यांची गर्दी नसणं हेच समन्वयाचं यश आहे.

आणि तिथे राहणारी माणसं?

वरच्या तिन्ही नकाशांत एक गृहीतक समान आहे: समन्वय संशोधकांनी संशोधकांशी करायचा. अंटार्क्टिकात स्थानिक वस्ती नाही, तिथे हे चालतं. पण कॅनडात, ग्रीनलंडमध्ये, अलास्कात माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या शिकारीच्या वाटेवर कोणी यंत्र पुरलं, हे त्यांना कधी कळतं? कॅनडातल्या इनुइट तापिरीत कानातामी या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये स्वतःचं संशोधन-धोरण जाहीर केलं, त्यात निर्णयाचा आणि विदेच्या मालकीचा हक्क मागितला आहे.

२०१९ मध्ये सुरू झालेलं 'सिकू' हे अॅप मला या सगळ्यात वेगळं वाटतं. सिकू म्हणजे इनुक्टिटुटमध्ये समुद्रावरचा बर्फ. शिकारी आणि प्रवासी त्यात बर्फाची स्थिती, प्राणी, धोक्याच्या जागा नोंदवतात, त्यांच्या भाषेतली बर्फाची आणि गावांची नावं वापरतात, आणि नोंद कोणाला दिसावी हे स्वतः ठरवतात. माझे तीन प्रश्न इथे लावून बघा. जो भरतो त्यालाच उद्या त्या बर्फावरून जायचं असतं, त्यामुळे माहिती ताजी ठेवण्याचं कारण त्याच्या हातात आहे. संशोधकांच्या नकाशांनी शिकायचं असेल तर इथून शिकावं.

तर मग सायनॉप्सिस लिहिताना काय करायचं?

१. नकाशाच्या 'अबाउट' पानावर जा. कोणाच्या पैशाचे प्रकल्प दिसतात आणि माहिती शेवटची कधी बदलली, या दोन गोष्टी वहीत लिहा. अनुदान संपलं की नकाशा थांबतो, पण पान उघडत राहतं.

२. एकाच जागेसाठी किमान दोन वेगळ्या यंत्रणांचे नकाशे बघा. स्वालबार्ड असेल तर रिस आधी. अंटार्क्टिका असेल तर करार सचिवालयाकडची देशवार माहिती चाळा. भारताच्या कामासाठी गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं साहित्य बघा.

३. रिकाम्या जागेला चार कारणं विचारा: कोणी गेलंच नाही, गेले पण नोंद नाही, जाता येत नाही, की जाऊ द्यायचं नाही? पहिलं कारण सिद्ध झालं तरच ती तुमची गॅप.

४. गर्दीच्या जागेलाही विचारा: इतक्या ठिपक्यांत माझा प्रश्न कोणी विचारलाय का? एकाच तळ्यावर पन्नास प्रकल्प असतील आणि हिवाळ्यातलं मोजमाप एकाचंही नसेल. काळातली गॅप नकाशावर दिसत नाही.

५. तुमची स्वतःची नोंद पूर्ण भरा. स्टेशनचे अक्षांश-रेखांश टाकून मोकळे होऊ नका, नमुन्याच्या जागेचे टाका. मोहीम रद्द झाली तर तेही कळवा. पुढच्या वर्षी कोणीतरी तुमच्या ठिपक्याकडे बघून जागा निवडणार आहे.

मुलाखतीत गॅपचा प्रश्न आला आणि तुम्ही नकाशा दाखवलात, तर समोरचे परीक्षक बहुधा पुढचा प्रश्न विचारतील: "हा ठिपका कोणी टाकला?" त्याचं उत्तर तयार असेल, तर स्क्रीनशॉट खुशाल चिकटवा.